बायडाबाईंचा बजरंग आणि माझ्या अकरा फायली

शनिवार पेठ, पुणे
दि. ११ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप अक्कास,

महिपतीचा नमस्कार. साष्टांग घालायचा विचार होता, पण गुडघ्यांनी गेल्या वर्षापासून असहकार पुकारला आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढ्यांचा स्वीकार करावा. तुझा रक्तदाब कसा आहे? सूनबाई भाजीत मीठ कमी घालते अशी तुझी तक्रार होती. ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घालते, तिला बोल लावू नये. (उत्कर्षा, हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस, तेव्हा हे वाक्य जरा सावकाश वाच.) तू पाठवलेला तिळगूळ मिळाला. पहिलाच लाडू फोडताना माझी एक दाढ हलली, पण गोडवा टिकून आहे. आनंदीची कंबर आता बरी आहे. ती तुला नमस्कार सांगते आणि या पत्रातल्या मजकुराशी आपला काही संबंध नाही असंही सांगते.

फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर नको तो विषय निघाला की तू 'बरं, दूध उतू जातंय' म्हणून ठेवतेस. गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडे इतकं दूध उतू गेलं आहे की वाईतल्या म्हशी थकल्या असतील. पत्राचं तसं नाही. हाती घेतलेलं वाचन मध्येच टाकायचं नाही, हा नियम तू शाळेत लावलास आणि घरातही चालवलास. शिवाय पूर्वी माझं प्रत्येक पत्र तू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचीस. आता ते होत नाही याचं मला फार वाईट वाटतं, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत थोडं बरंही वाटतं.

दिवाळीत फराळाच्या ताटावर हात ठेवून मी तुला वचन दिलं की तुझ्यापुढे पुन्हा कुत्र्याचा विषय काढणार नाही. ('सदतीस वर्षं मी पोरांना रांगेत चालवलं महिपती, आता मला कुत्रं चालवणार होय?' हे तुझे शब्द आनंदी अजून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवते.) ते वचन मी मोडत नाही. तू कुत्रा घे, असं या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. दृष्टी गेल्यापासून चौदा महिने तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, त्याबद्दलही मी चकार शब्द काढणार नाही. मी फक्त माझी फजिती कळवतो आहे. भावाची फजिती ऐकायला तुला लहानपणापासून आवडतं.

तुला माहीतच आहे, भोसरीच्या कारखान्यात माझं शेवटचं काम म्हणजे प्रमाणपत्रांच्या फायली. एक्याण्णवनंतर देशाची दारं उघडली आणि परदेशातली गिऱ्हाइकं नटबोल्ट पाहण्याआधी प्रमाणपत्र पाहायला लागली. तेव्हा मी शिकलो की माल चांगला असणं वेगळं आणि माल चांगला आहे असं अकरा फायलींत लिहून ठेवणं वेगळं. मागणी दुसऱ्या गोष्टीला जास्त. निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जाणार असं वाटत होतं, तेवढ्यात वाघोलीचा सूरज भेटला.

सूरज तिथल्या शेतकरी घरातला. नगर रस्त्यालगतची त्यांची बरीच जमीन इमारतींत गेली. मुलगा शिकून हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला, कंपनीने परदेशी पाठवला. तिथे त्याने एका बाईंना, दृष्टी नसलेल्या, आपल्या कुत्र्याबरोबर बसमध्ये चढताना पाहिलं. बाई चढल्या, बसल्या, कुत्रा पायाशी बसला, आणि बसमधल्या कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हे न पाहणं त्याच्या मनात बसलं. पुढे नोकरी सोडून तो कुत्र्यांना वाट दाखवायला शिकवण्याचं काम रीतसर शिकला, आणि परत येऊन घरच्या उरलेल्या दोन एकरांत त्याने त्याची शाळा काढली. 'लोकांची पोरं तिकडून डालर आनत्यात, आमचं कुत्री घिऊन आलं,' असं त्याचे वडील पारावर बसून सांगतात. पण शाळेसाठी बोअर त्यांनीच मारून दिली.

तर या शाळेला मान्यता हवी होती. अशा शाळांची एक जागतिक संघटना आहे. तिचे नियम पाळले, तपासणी पार पडली, की शाळेतून निघालेला कुत्रा शिकलेला मानतात. नाहीतर देणगीदार हात आखडतात, आणि कंपनीचा पहारेकरी, बसचा कंडक्टर, दवाखान्यातली बाई, सगळे त्याला कुत्राच मानतात. 'काका, डॉग्ज एकदम रेडी आहेत,' सूरज मला म्हणाला, 'पण पेपरवर्कची पूर्ण वाट लागलीये.' माझे डोळे चमकले असावेत, कारण आनंदीने लगेच विचारलं, 'जेवायला तरी घरी असणार ना?' नियमांची वही मी दोन दिवसांत वाचून काढली. पिल्लाच्या आईबापांच्या तब्येतीपासून म्हाताऱ्या कुत्र्याच्या निवृत्तीपर्यंत सगळं त्यात होतं. निवृत्तीचं प्रकरण आमच्या कारखान्यापेक्षा चांगलं होतं.

त्यात एक कलम असं, की शाळेतल्या प्रत्येक माणसाने डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्याबरोबर चालून पाहावं. माझं काम टेबलाशी, तेव्हा मी स्वतःपुढे 'लागू नाही' असं लिहिलं. (कागदपत्रांच्या व्यवहारात या दोन शब्दांइतकं उपयोगी काही नाही. त्यांच्यावर मी संसार केला.) सूरजने ते वाचलं, खोडलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. निदान ओळखीच्या रस्त्यावर चालतो म्हणून मी त्याला आपल्या गल्लीत यायला लावलं. सोबत बजरंग नावाचा पिवळसर लॅब्रेडॉर, पाठीवर पट्टा, पट्ट्याला धरायला ताठ मूठ.

सकाळी दहाला निघालो. कोपऱ्यावरचे सीतारामपंत पेपर घेऊन परतत होते. 'काय महिपतराव, डोळे मिटून चालायचं ठरवलंत? इतकी वर्षं उघडे ठेवून तरी काय पाहत होतात?' म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता गेले. पुढे एका सद्गृहस्थाने मला दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता. बजरंगालाही नव्हता. पण उपकार नाकारला तर अपमान झाला असं समजतात, म्हणून आम्ही दोघे पलीकडे गेलो, थोडा वेळ थांबलो आणि परत आलो. संध्याकाळपर्यंत 'महिपतीचे डोळे गेले' ही बातमी पेठभर झाली होती. दोघे भेटायला आले. एकाने मोसंबी आणली. डोळे शाबूत आहेत म्हटल्यावर तो जरा नाराज झाला, पण मोसंबी ठेवून गेला.

इथवर फजिती. पण अक्का, सुरुवातीची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पहिली तीन मिनिटं मी हललोच नाही. आपल्याच दारच्या तीन पायऱ्या, चाळीस वर्षं उतरतो आहे, आणि पाय पुढे टाकवेना. मला वाटायचं, दिसत नाही म्हणजे अंधार असतो. तसं नाही. पुढची जमीनच नसते. मी आनंदीला हाक मारली, तर ती शेजारीच उभी होती, आणि मला तेही कळलं नव्हतं. दिवाळीत मी तुला 'नुसती हट्टी आहेस' म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. (उत्कर्षा, इथे थांबू नकोस, पुढे वाच.)

आता बायडाबाई. त्या वाघोली गावठाणातल्या. साठी ओलांडलेली, काचबिंदूने दृष्टी गेलेली. नवरा होता तोवर त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाजार, देऊळ, लग्नकार्य, सगळं करत. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि बाई घरात बसल्या. कुत्र्यासाठी त्यांचा अर्ज मीच भरून घेतला. 'पतीचे नाव' या रकान्याशी आल्यावर बाई गप्प झाल्या. मी दोनदा विचारलं. 'पोराला इचारा,' म्हणाल्या. पोरगा कामावर गेलेला. पती दिवंगत, सबब मी तिथेही माझे ते दोन लाडके शब्द सुबक अक्षरात लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

या शाळांत एका वेताच्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची पद्धत असते. सूरजच्या पहिल्या वेताला ब आला होता: बजरंग, बिजली, बत्तासा. बायडाबाईंची चाल, उंची, हाताचा जोर पाहून सूरजने त्यांची जोडी बजरंगाशी जमवली. जोडी उत्तम होती. फक्त शिस्त अशी, की आधी कुत्र्याचं नाव घ्यायचं आणि मग हुकूम सांगायचा. 'बजरंग, पुढे.' 'बजरंग, थांब.' बाई 'पुढं' म्हणत, 'थांब' म्हणत, नाव मात्र काही केल्या घेईनात. सूरजला वाटलं, विसरतात. तो दिवसातून पन्नास वेळा आठवण करून देई, आणि बाई पन्नास वेळा पदर तोंडाला लावत. चौथ्या दिवशी शाळेत झाडलोट करणाऱ्या सरुबाईंना राहवेना. 'आवो सायेब,' त्या म्हणाल्या, 'त्यांच्या मालकाचं नाव हाय ना त्ये!'

अक्का, रकाना माझा, अर्ज माझा, अक्षर माझं. तिथे एक प्रश्न आणखी विचारला असता तर कुत्रा बदलता आला असता. आता त्याला दोन वर्षांचा त्या नावाचा सराव, आणि तपासणी तीन आठवड्यांवर. सूरज म्हणाला, मावशींना बिजली देऊ या. बायडाबाई म्हणाल्या, 'नगं. ह्यो वढत न्हाय मला. ह्योच ऱ्हाऊ द्या.'

तोड सरुबाईंनीच सुचवली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. बायडाबाईंनी एका दुपारीत उखाणा रचला, आणि दुसऱ्या दिवशी नगर रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून खड्या आवाजात म्हटला:

'नगर रोडच्या कडंला उसाचा मळा,
बजरंगरावांचं नाव घेते, फुडं आता चला!'

उखाणा उत्तम होता. बजरंगाने मान तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकला. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तेवढ्यात सिग्नल पुन्हा लाल झाला होता. सूरजने घड्याळ लावून पाहिलं: एका हुकमाला अकरा सेकंद. पुढच्या चौकात 'थांब'चा उखाणा निम्म्यावर असताना दोघं भेळेच्या गाडीत शिरली. मी प्रगतिपुस्तकात 'नावाचा वापर: प्रगतिपथावर' असं लिहिलं.

शेवटी बाईंनी स्वतःच मार्ग काढला. त्या त्याला 'अवो' म्हणू लागल्या, नवऱ्याला जन्मभर म्हणत आल्या तशा. 'अवो, चला.' 'अवो, थांबा की जरा.' कुत्र्याला अहोजाहो करणारी ही जगातली पहिलीच शाळा असावी. (त्याविरुद्ध वहीत कलम नाही. मी शोधलं.) बजरंग चार दिवसांत 'अवो' शिकला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून दोघांना आठवड्याच्या बाजारात नेलं. आता वाघोलीच्या बाजारात किती बायका किती नवऱ्यांना 'अवो' म्हणतात, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. 'अवो, पिशवी कुठाय?' असं एक बाई म्हणाली, बजरंग थांबला. 'अवो, हिकडं या!' दुसरी म्हणाली, बजरंग तिकडे गेला. अर्ध्या तासात त्याने सात संसारांत लक्ष घातलं आणि बायडाबाईंना एकाच कांदेवाल्यापुढे तीनदा नेऊन उभं केलं. 'ह्यो आमच्या मालकावानीच निगाला,' बाई म्हणाल्या. 'कुनीबी हाक मारली की चालला.' पण हे बोलताना, अक्का, त्या हसत होत्या. त्यांना हसताना सरुबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं म्हणे. पुढचे दहा दिवस सूरजने त्यांना रोज बाजारात नेलं, आणि हजार 'अवो'तून आपला एक ओळखायला बजरंगाला शिकवलं. हे त्याने कसं केलं ते मला कुठल्याच फायलीत लिहिता आलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस तपासणीच्या बाई परदेशातून आल्या. उंच, साठीच्या घरातल्या, पायात चिखलाचे बूट. त्यांनी स्वतःचं नाव दोनदा सांगितलं, मी दोनदा चुकीचं लिहिलं. पहिल्या दिवशी मी अकरा फायली टेबलावर ओळीने उभ्या केल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची पट्टी. बाईंनी चहा घेतला, फायलींना छान म्हटलं आणि सरळ कुत्र्यांच्या खोल्यांकडे गेल्या. पाण्याच्या भांड्यांचा वास घेतला, अंथरुणं उलटून पाहिली, बत्ताशाचे कान आतून पाहिले. परत आल्यावर अकरांपैकी एकच फाईल मागितली, तक्रारींची. मी मोठ्या अभिमानाने दिली. आत एकच पान होतं: 'तक्रारी: शून्य.' कारखान्यात या एका पानावर आम्हाला पेढे मिळाले होते. बाईंनी पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. मग विचारलं, इथे कुणी तक्रार करत नाही, की केलेली कुणी लिहून घेत नाही? मला बायडाबाईंच्या अर्जातला तो रकाना आठवला आणि फेब्रुवारी लागायच्या आत घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी चाचणी. बायडाबाईंनी बजरंगाबरोबर घरून निघून, रस्त्याच्या कडेने, औषधाच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. तपासणीच्या बाई, सूरज आणि मी वीस पावलं मागे. प्राणावर बेतल्याशिवाय आम्ही तोंड उघडायचं नाही, असं कलम. जोडी नापास झाली तर बजरंग काढून घेऊन दुसऱ्या कुणाला द्यायचा, हे बायडाबाईंना ठाऊक होतं. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या. डोक्यावरचा पदर दर पाच पावलांनी नीट करत होत्या.

सुरुवात झकास झाली. फुटपाथ असा नाहीच, पण आहे त्या जागेतून, उभ्या केलेल्या दुचाक्या, उसाच्या रसाचा चरक आणि एक बसलेली म्हैस यांच्यामधून बजरंगाने बाईंना पदराला धक्का न लागता नेलं. वाटेत कुणीतरी 'अवो' म्हणालं. बजरंगाचा कान हलला, पाय हलला नाही. सूरजने आनंदाने माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला.

औषधाच्या दुकानाच्या थोडं अलीकडे एक चर होता, कसलीशी केबल टाकायला खणलेला, कमरेइतका खोल. (पुण्यात हल्ली सगळं जग जमिनीखालून येतं, आणि दर वेळी नवा चर खणून येतं.) आदल्या दिवशी तो नव्हता. वरून कुणीतरी गोणपाट पसरलं होतं, म्हणजे डोळे असलेल्यालाही दिसू नये. बजरंग थांबला, आणि बाईंच्या पुढ्यात आडवा उभा राहिला.

'अवो, चला,' बाई म्हणाल्या. बजरंग हलला नाही. 'अवो, चला म्हनते ना.' नाही. समोरचा पानवाला ओरडून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सूरजने लांबूनच त्याला हात जोडले. सूरज स्वतः धावायच्या तयारीत एका पायावर उभा होता. बाईंचा आवाज चढला. 'आज तरी माझी अब्रू राखा की! ती गोरी बाई मागनं बगतीया. जलमभर ह्येच केलंत तुमी. मी निगाले की तुमी बसलात. आता एवढं चार पावलं चला, न्हाय तर नेतील तुमास्नी माझ्यापासनं!' तरी तो हलेना. त्याला शिकवलंच तसं होतं, की माणसाने पुढे चल म्हटलं आणि पुढे धोका असला, तर माणसाचं ऐकायचं नाही. ही एवढी एक गोष्ट शिकवायला सर्वात जास्त दिवस लागतात.

शेवटी शिकवल्याप्रमाणे मूठ घट्ट धरून बाईंनी एक पाय हळूच पुढे सरकवला. पायाखाली गोणपाट खचलं. पाय चटकन मागे आला.

'कुनी हाय का रं मागं?' त्यांनी विचारलं.

कलमाप्रमाणे आमच्यापैकी कुणीही बोललं नाही. आयुष्यात पाळलेलं हे माझं सगळ्यात अवघड कलम. मागची मंडळी ऐकू येण्याइतकी जवळ नाहीत अशी बाईंची खात्री झाली. त्या खाली वाकल्या, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, 'बजरंग.' नुसतं तेवढंच. राव नाही, उखाणा नाही.

बजरंगाने शेपूट हलवलं. जन्मापासून त्याचं नावच ते, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. बाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, 'काडा वाट,' म्हणाल्या, आणि तो चराला वळसा घालून त्यांना औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत घेऊन गेला.

तपासणीच्या बाईंनी मला हळूच विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगितलं, कुत्र्याचं नाव घेतलं. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. बाकीचं सांगायला माझं इंग्रजी पुरलं नसतं, आणि पुरलं असतं तरी सांगितलं नसतं. आम्ही ऐकलं हे बायडाबाईंना आजवर कळू दिलेलं नाही. चारचौघांत त्या अजून 'अवो'च म्हणतात. तूही हे वाईत कुणाजवळ बोलू नकोस.

तर बजरंग बायडाबाईंकडेच राहिला. शाळेची मान्यता मात्र अडली आहे. संघटनेचं पत्र परवा आलं, त्यात दोन उणिवा दाखवल्या आहेत. पहिली तक्रारवहीची. ती मी लगेच उघडली. पहिली तक्रार बायडाबाईंची: 'फारम लिवनारा बाबा नीट इचारत न्हाय.' ती मी त्यांच्यासमोर, माझ्याच हाताने, आहे त्या शब्दांत उतरवून घेतली. दुसरी उणीव किरकोळ आहे, तुला कळवण्याजोगी नाही.

पत्र फार लांबलं. सूनबाईच्या घशाला आता गरम पाणी द्यावं. तब्येतीला जपावं. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, पण पुढचा मजकूर वाचून झाल्यावर कमी करू नये.

तुझा धाकटा,
महिपती

ता. क. उत्कर्षा, 'दुसरी उणीव कोणती?' असं अक्का विचारेलच. नाही विचारलं तरी वाच. काम करणाऱ्या जोड्या नियमाला जेवढ्या लागतात त्यात एक कमी आहे. ऑगस्टपर्यंत ती भरायची आहे. नाही भरली तर शाळा मिटवावी लागेल असं सूरज म्हणत नाही, पण हिंजवडीच्या जुन्या साहेबाचे फोन तो आता उचलायला लागला आहे. अक्का, पट कमी म्हणून तुझा चौथीचा वर्ग बंद करायला निघाले होते, तेव्हा तू नदीपलीकडच्या वस्तीवर जाऊन एक मुलगी आणली होतीस. तिची आई नको म्हणत होती, आजी नको म्हणत होती. तू त्यांच्या ओट्यावर बसून राहिलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. मी तसाच तुझ्या ओट्यावर येऊन बसलो आहे असं समज. पटाला एक कमी आहे.

ता. क. दुसरा. तू कुत्रा घे असं कुठेही म्हटलेलं नाही, असं मी वर लिहिलं, ते अजून खरं आहे. बिजली कुत्री आहे. दोन वर्षांची, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आपल्या घराण्यात सासरी-माहेरी बिजली नावाचं कुणी नाही, हे मी या खेपेला विचारून घेतलं आहे.

ता. क. तिसरा. अर्ज सोबत जोडला आहे. मी तो पेन्सिलीने भरायला घेतला होता. नाव, वय, उंची, रक्तदाब, सगळं झालं. शेवटी एक रकाना आहे: 'सोबतीला कुणी नसताना कुठे जावेसे वाटते? तीन ठिकाणे लिहा.' बायडाबाईंनी मला सांगितलं होतं, 'सुनंशी भांडान झालं की उठून भाईर जाता आलं पायजे. आत्ता भांडते आन् तितंच बसते.' (उत्कर्षा, ते त्यांच्या घरचं आहे.) तुझ्यासाठी मी आधी घाटावरचं गणपतीचं देऊळ लिहिलं. मग खोडलं, कारण तू तिथे जावंस असं मला वाटतं. मग तुझी जुनी शाळा लिहिली. तीही खोडली, कारण तिथे तू कामाला जायचीस. त्रेसष्ट वर्षं मी तुझा भाऊ आहे, अक्का, आणि तुला एकटीला कुठे जायला आवडतं हे मी कधी विचारलेलंच नाही. रकाना रिकामा ठेवला आहे. उत्कर्षाला सांग, ती लिहील. तिन्ही ठिकाणं एका दमात आठवली नाहीत तरी हरकत नाही, आणि मला कळवलं नाहीस तरी चालेल.